थांबण्याचा खर्च

1964 साली अमेरिकेत पाँटियाकने ‘जीटीओ’ काढली. मध्यम आकाराच्या, बऱ्यापैकी कुटुंबवत्सल गाडीत 389 घन इंचांचं, म्हणजे सहा लिटरहून मोठं इंजिन कोंबायचं, एवढीच त्यामागची कल्पना. इंजिन आलं, 325 अश्वशक्ती आली, वजन दीड टनाच्या पुढे गेलं, आणि ब्रेक मात्र त्या कुटुंबवत्सल गाडीचे होते तेच राहिले: चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम. इंजिन ठरवणारी मंडळी आणि ब्रेक ठरवणारी मंडळी एकाच कॅन्टीनमध्ये जेवत असतील, तर त्यांचं आपसात बोलणं नसावं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फोर्डने न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांपुढे आणली आणि पहिल्या वर्षभरातच चार लाखांहून अधिक विकली. सहा सिलिंडरवालीला नऊ इंचांचे ड्रम, आठ सिलिंडरवालीला दहा इंचांचे. दोन सिलिंडर वाढले की ब्रेकचा एक इंच वाढवायचा, असा एकंदर हिशेब दिसतो. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक 1965 पासून मिळायला लागले, पण जादा पैसे भरून, आणि तेही रेडिओ, एअर कंडिशनर, डॅशबोर्डवरचं घड्याळ यांच्याच यादीत बसून. रेडिओ शेजाऱ्याला ऐकू जातो. डिस्क ब्रेक चाकाच्या आत दडलेला असतो. यादीतल्या कोणत्या ओळीवर जास्त खुणा झाल्या असतील, हे ओळखायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

बरं, डिस्क ब्रेक तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हते म्हणावं, तर तसंही नाही. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज गृहस्थांनी त्याचं पेटंट 1902 मध्येच घेऊन ठेवलं होतं. धातूवर धातू घासून जो आवाज निघे तो लोकांना सोसवेना, म्हणून ते मागे पडलं. 1953 च्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. तिच्याहून ताकदवान इंजिनं त्या शर्यतीत होती. पण जॅग्वारचे चालक लांबलचक सरळ रस्त्यावरून येताना वळणाच्या पार जवळ जाईपर्यंत वेग सोडत नव्हते, आणि हे त्यांना फेरीमागून फेरी, दिवसरात्र जमत होतं. 1955 मध्ये सित्रोएनने आपल्या ‘डीएस’ गाडीला पुढे डिस्क बसवले आणि ती गाडी डॉक्टर, वकील अशा सभ्य लोकांना विकली. अमेरिकेत शेवर्ले कॉर्व्हेटला 1965 पासून चारही चाकांना डिस्क आले, तेही जादा पैसे न मागता. पण त्या वर्षी गिऱ्हाइकाला उलटी सोयही ठेवलेली होती: डिस्क नकोत, ड्रमच द्या म्हटलं की किंमत साडेचौसष्ट डॉलरनी कमी. असं म्हणून पैसे परत घेणारे तीनशेच्या वर निघाले. आज त्या ड्रमवाल्या कॉर्व्हेट दुर्मीळ म्हणून भाव खातात, म्हणजे काटकसर अखेर अंगी लागली. फक्त त्याला साठ वर्षं गेली.

आता या गाड्या साठीला आल्या आहेत, आणि त्यांचे बरेचसे मालक साठीच्या पुढे. तरुणपणी जी परवडली नाही ती गाडी आता दारात उभी आहे, मुलं मार्गी लागली आहेत, गॅरेज मोठं आहे आणि बाजारात पुठ्ठ्याच्या खोक्यात डिस्क ब्रेकचं तयार किट मिळतं. खोक्यावर लिहिलेलं असतं की नटबोल्ट आवळले की काम संपलं. ते घेणाऱ्याला विचारा, कशासाठी घेताय? दहातले नऊ जण सांगतील, गाडी कमी अंतरात थांबावी म्हणून. माझं म्हणणं असं की हे कारण चुकीचं आहे आणि खरेदी तरीही बरोबर आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस नको तिथे पैसे घालतो आणि हवं तिथे हात आखडतो.

गाडीला ब्रेक थांबवत नाही, टायर थांबवतो. ब्रेकचं काम फक्त चाक अडवण्याचं. चाक अडलं की रस्त्याला धरून ठेवण्याचं काम त्या चार तळहाताएवढ्या रबराच्या तुकड्यांचं. धड अवस्थेतले जुने ड्रमसुद्धा पेडलवर जोरात पाय मारला तर चारही चाकं जाम करू शकतात. आणि जे चाक आधीच जाम झालं, ते आणखी महागड्या ब्रेकने जास्त जाम होत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर बऱ्यापैकी टायर असतील तर ताशी 100 किलोमीटरवरून थांबायला साधारण पन्नास मीटर लागणार. हा आकडा रबर आणि रस्ता मिळून ठरवतात, डिस्कला पकडणाऱ्या कॅलिपरचा त्यात आवाज नाही. म्हणून हजारो डॉलरचं किट घातलेली आणि टायर मात्र दहा वर्षांपूर्वीचे, कडक होऊन बाजूने चिरलेले, अशी गाडी थांबण्याच्या बाबतीत आहे तिथेच राहते. मालकाला मात्र ती लवकर थांबल्यासारखी वाटते, कारण पैसे नुकतेच दिलेले असतात.

मग डिस्कचा उपयोग काय? तो समजायला थोडं गणित करावं लागतं. दीड हजार किलोची गाडी ताशी 100 ला असताना तिच्यात सुमारे 5 लाख 80 हजार ज्यूल ऊर्जा असते. थांबायचं म्हणजे ही सगळी ऊर्जा उष्णता करून कुठेतरी ओतायची. एवढ्या उष्णतेत जवळजवळ दोन लिटर पाण्याला उकळी फुटते. म्हणजे दर वेळी या वेगावरून थांबताना चाकांमध्ये मिळून पंधरावीस कप चहाचं आधण ठेवल्यासारखं आहे. वेग 160 केला तर आधण पाच लिटरच्या घरात जातं, कारण वेग दीडपटीच्या थोडा वर गेला तरी ऊर्जा अडीचपट होते. ड्रम म्हणजे बंद भांडं. ड्रमला आतून दाबणारे शू आत, घर्षण आत, धूळ आत आणि उष्णताही आत. तापला की ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूवरच्या लायनरपासून लांब सरकतो. ज्याला पकडायचं तोच मागे हटायला लागतो आणि पेडल खाली खाली जातं. वर लायनर तापले की त्यांची पकडही मऊ पडते. डिस्क उघडी असते, वारा लागतो, आणि तापून फुगली तर तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडच्या दिशेने फुगते. पावसात किंवा पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी बसून राहतं, तर डिस्कवरचं पाणी पहिल्याच चकरेत उडून जातं. तात्पर्य, ड्रम पहिल्यांदा उत्तम थांबवतो, दुसऱ्यांदा बरा थांबवतो, आणि सहाव्यांदा देवाचं नाव घ्यायला लावतो. डिस्क सहाव्यांदाही पहिल्यासारखीच वागते. पैसे या सहाव्या वेळेचे आहेत.

आपल्याकडच्या वाचकाला हे सांगायला ल मांपर्यंत जायची गरज नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे भरलेला ट्रक उतरतो तेव्हा लायनर जळल्याचा जो वास येतो, तो ड्रमचं बंद भांडं तापल्याचाच असतो, आणि ‘उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये चालवू नका’ हे वाक्य पाटीवर रंगवणाऱ्याने वरचं गणित पुरतं पचवलेलं असतं. अमेरिकेतला मस्टँगवाला सपाट रस्त्यावर रविवारी सकाळी आइसक्रीम खायला जातो तोपर्यंत त्याला सहावी वेळ येतच नाही. कोलोरॅडोच्या डोंगरातून उतरायला लागला, की येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘आमच्या वडिलांनी याच ब्रेकवर सगळा देश पालथा घातला, काही झालं नाही.’ ज्यांना काही झालं, त्यांची मुलं हा आक्षेप घ्यायला येत नाहीत, हे सोडून देऊ. पण वडिलांच्या पुढची गाडीसुद्धा ड्रमवालीच होती. तीही उशिरा थांबायची, म्हणून दोघांतलं अंतर आपोआप जुळायचं. आज पुढे असलेली साधी घरगुती गाडी चारही डिस्क, अँटिलॉक यंत्रणा आणि रेडियल टायर घेऊन चालते. आत बसलेल्या बाईंचं लक्ष मागच्या सीटवरच्या पोराकडे असलं तरी ती गाडी सरळ रेषेत झटकन उभी राहते. मागे साठ वर्षांची, 300 अश्वशक्तीची, लाल रंगाची गाडी. बदल वडिलांच्या गाडीत झाला नाही, तो पुढच्या गाडीत झाला. शिवाय वडिलांच्या काळी ब्रेकच्या तेलाची वाटही एकच असायची. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले आणि पेडल थेट जमिनीला. अमेरिकेत दोन स्वतंत्र मार्ग असलेला मास्टर सिलिंडर 1967 च्या गाड्यांमध्ये सर्रास दिसायला लागला आणि 1968 पासून कायद्याने सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाडीला बाकी काही करू नका, पण हा एक बदल करा, असं मी कट्टर परंपरावाद्यालाही सांगेन. तो बॉनेटखाली असतो. पूर्वजांना दिसणार नाही.

आता त्या ‘नटबोल्ट आवळले की संपलं’ या वाक्याकडे वळू, कारण या विषयातला सगळा विनोद तिथेच साठलेला आहे. ड्रमला निसर्गाने एक सोय दिलेली आहे: फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढतो आणि शू स्वतःच आणखी घट्ट रुततो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. डिस्कमध्ये अशी फुकटची मदत नाही. पॅड सरळ दाबले जातात, जेवढा जोर द्याल तेवढंच फळ. म्हणजे किट बसवल्यावर पहिला शोध हा लागतो की ब्रेक दगडासारखा कडक झाला. मग पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आणा. बूस्टर चालतो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, आणि त्याला साधारण 18 इंच व्हॅक्यूम लागतो. पण मालकाने दोन वर्षांपूर्वी ताकद वाढावी आणि उभ्या गाडीचा आवाज घुमावा म्हणून इंजिनात तिखट कॅमशाफ्ट घातलेला असतो, आणि ते इंजिन उभं असताना दहाबारा इंच व्हॅक्यूमसुद्धा कुरकुरत देतं. मग विजेवरचा व्हॅक्यूम पंप आणा. मधल्या काळात लक्षात येतं, की बूस्टरचा डबा एवढा मोठा की तो बॉनेटखाली बसवायला आधीचं काहीतरी हलवावं लागतं. पेडलचं गुणोत्तरही बदलतं: बूस्टर नसलेल्या गाडीत साधारण सहाला एक, बूस्टरवालीत चाराला एक. जुनं पेडल तसंच ठेवलं तर पाय नुसता टेकवला तरी नाक काचेला लागायची पाळी. मास्टर सिलिंडर ड्रमचाच ठेवला तर त्यात सुमारे 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह बहुधा बसवलेला असतो. ड्रमच्या स्प्रिंगांना तो चालतो, डिस्कचे पॅड मात्र त्यामुळे सतत घासत राहतात. नवेकोरे डिस्क ब्रेक हायवेवर न दाबताच तापून लाल झाले, तर बहुतेक वेळा चोर हाच असतो. त्यातून चाकं. चौदा इंचांच्या मूळ चाकात मोठा कॅलिपर मावत नाही. तेरा इंचांची डिस्क हवी असेल तर सतरा इंचांचं चाक घ्यावं लागतं, आणि किटने हब थोडा बाहेर सरकवला असेल तर वळताना टायर मडगार्डला घासतो. मस्टँग सहा सिलिंडरची असेल तर चाकाला चारच बोल्ट, आणि बाजारातली बहुतेक किटं पाच बोल्टांची. पुढे पाच आणि मागे चार झाले की स्टेपनी कुठल्या तरी एकाच टोकाला लागणार. म्हणून मग मागचा ॲक्सलही बदला. ब्रेक घ्यायला निघालेला माणूस मागच्या ॲक्सलपर्यंत पोचला, तेही पेडलवर एकदाही पाय न ठेवता.

आणि अखेर सगळं बसलं की राहतं ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढणं. जगातल्या कुठल्याही गॅरेजात हे काम दोघांचं, आणि अमेरिकन घरगुती गॅरेजात हे दोघे म्हणजे चाकाजवळ पाना घेऊन आडवा पडलेला नवरा आणि पेडलवर पाय ठेवून बसलेली बायको. ‘दाब. दाब. दाब. धर. धरलंस? सोडू नकोस!’ असं म्हणत त्याने निपल ढिला करायचा, पारदर्शक नळीतून बुडबुडे येताना पाहायचे, आवळायचा, आणि मग ‘आता सोड’. तिने पाव सेकंद आधी सोडलं की नळीतून हवा परत आत, आणि सगळं पहिल्यापासून. मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करून पुढच्या डाव्या चाकापर्यंत येताना संसाराची बरीच जुनी प्रकरणं उघडतात. पेडल तरीही स्पंजी लागतंच. मग कळतं, की कॅलिपर डावे-उजवे उलट बसलेत आणि निपल वर असण्याऐवजी खाली आहे. हवा वर चढते, त्यामुळे ती बाहेर पडायला तयार नाही. हे कुणाच्याही लक्षात येईपर्यंत तेलाची दुसरी बाटली संपलेली असते.

मला खरा वैताग येतो तो मागच्या डिस्कचा. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, आणि थांबवण्याच्या कामाचा दोन तृतीयांशाहून मोठा वाटा पुढची चाकंच उचलतात. शर्यतीचं नाव घेऊन जन्मलेल्या 1965 च्या शेल्बी जीटी-350 मध्येसुद्धा पुढे 11.3 इंचांच्या डिस्क आणि मागे ड्रमच होते, आणि ती गाडी शर्यती जिंकायची. मागच्या चाकांना गरजेपेक्षा जास्त ब्रेक दिला तर काय होतं? ती आधी जाम होतात, शेपूट पुढे यायला बघतं, आणि चालकाला आपली गाडी मागून कशी दिसते ते कळतं. म्हणून मग समतोल साधणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घ्यायचा, त्याला एक गोल बटण असतं, आणि ते फिरवून मागचा जोर कमी करायचा. म्हणजे पैसे देऊन मागे ताकद आणायची आणि आणखी पैसे देऊन ती कापायची. पण हे सांगून उपयोग नाही, कारण मागे ड्रम दिसला की मालकाला काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. आपल्याकडे मोटरसायकलच्या शोरूममध्ये ‘डबल डिस्कवालं घ्या साहेब’ म्हटल्यावर कॉलेजच्या पोराच्या डोळ्यांत जी चमक येते, तिचाच हा वडीलधारा अवतार. डिस्कला पाडलेली भोकंही त्यातलीच. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर निघणारे वायू जायला वाट असावी म्हणून ती आली. आजच्या पॅडना त्यांची फारशी गरज नाही, आणि भारी तापमानात तडे पडायला सुरुवात नेमकी त्या भोकांच्या कडेपासून होते. पण चाकाच्या जाळीतून ती छान दिसतात. त्यांच्यामागे लाल रंगाचा कॅलिपर असेल तर आणखी छान. रंगाने घर्षण वाढत नाही, हे शाळेत सातवीला शिकवलेलं असतं.

दुसरा आक्षेप अस्सलतेच्या भक्तांचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच ठेवा, नाहीतर तिची किंमतही जाते आणि इतिहासही. प्रदर्शनात मांडायची, ट्रेलरवरून नेऊन ट्रेलरवरून आणायची गाडी असेल तर हे शंभर टक्के मान्य. तिला ब्रेकही नसले तरी चालतील. चालवायची गाडी असेल तर मधला मार्ग आहे: त्या मॉडेलला त्या काळी कंपनीच पैसे घेऊन जे डिस्क द्यायची, तशाच बनावटीचे पुढे बसवायचे. मस्टँगचे मूळचे चार पिस्टनवाले कॅलिपर आज नव्याने बनतात. मूळ चाकांत बसतात, खोटं काहीच होत नाही. 1965 साली यादीतल्या ज्या ओळीवर गिऱ्हाइकाने खूण केली नाही, ती आपण उशिरा केली, एवढंच. काढलेले ड्रम डब्यात घालून तारीख टाकून ठेवायचे. पुढच्या मालकाला शुद्धीकरणाची हौस आलीच तर सापडतील.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो काढणारे बहुधा कार्ब्युरेटरवर दुप्पट घालवून बसलेले असतात. त्यांच्यासाठी स्वस्तातून सुरुवात करू. सगळ्यात आधी टायर, कारण वर म्हटल्याप्रमाणे थांबवतात तेच. मग ब्रेक ऑइल. डॉट-3 तेल नवं असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं, आणि मुरल्यावर त्याच्याकडून 140 अंशांचीच अपेक्षा धरता येते. त्यापुढे नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. साठ वर्षांच्या गाडीत तेल किती वर्षांचं आहे हे मालकाला विचारलं तर तो हसतो. रबरी होज आतून सुजलेले असतात, तेही याच फेरीत बदलावेत. दोन वाटांचा मास्टर सिलिंडर घाला. ड्रम लेथवर गोल करून घ्या, नीट ॲडजस्ट करा. एका बाजूला ओढणारी गाडी अनेकदा एवढ्यानेच सरळ होते. आणि एवढं करूनही डोंगर उतरायची, लांब जायची, जोरात चालवायची हौस असेल, तर पुढे दोन डिस्क. तिथे थांबा.

जे तिथे थांबत नाहीत, त्यांच्यासाठी एक शेवटची अडचण मागच्या डिस्कनेच राखून ठेवलेली असते: हँडब्रेक. ड्रममध्ये तो जन्मजात असतो. केबल ओढली की शू पसरतात आणि गाडी उतारावर रात्रभर उभी राहते. बऱ्याच मागच्या डिस्क किटांमध्ये कॅलिपरला लटकवलेली एक नाजूक यंत्रणा असते, जुन्या केबलची लांबी तिला जुळत नाही, आणि जुळवली तरी तिची पकड बेताची. तेव्हा चारही चाकांना भोकांच्या डिस्क, चार लाल कॅलिपर, व्हॅक्यूम पंप, गोल बटणाचा व्हॉल्व्ह, सतराइंची चाकं असं सगळं ल्यालेली गाडी घराच्या उताराच्या ड्राइव्हवेवर लावताना मालक आधी डिकी उघडतो, आतून लाकडाचा ओंडका काढतो आणि मागच्या चाकाखाली सरकवतो. ओंडक्यालाही त्याने लाल रंग दिलेला असतो, कॅलिपरला जुळणारा.